धरणीमातेची ज्योत आणि डोळस श्रद्धा

॥ श्री गणेशाय नमः ॥



मावळ प्रांतातील तळेगाव दाभाडे या नगरीचे ग्रामदैवत श्री डोळसनाथ महाराज. ‘डोळस’ हा शब्द मराठी माणसाच्या मुखी आणखी एका ठिकाणी येतो, तो ‘डोळस श्रद्धा’ या शब्दप्रयोगात. श्रद्धेला डोळे असावेत, तिने पाहावे, विचारावे, समजून घ्यावे आणि समजल्यानंतरही नम्रपणे हात जोडावेत, असा त्या प्रयोगाचा भाव आहे. समजून घेतल्यावर ज्यांचे हात सुटतात त्यांची श्रद्धा कच्ची म्हणावी लागते. आणि हात सुटतील या भीतीने जे समजूनच घेत नाहीत त्यांची श्रद्धा भित्री म्हणावी लागते. डोळस श्रद्धेला या दोन्हींचे भय नसते.

या श्रद्धेची परीक्षा पाहणारा एक विषय प्रस्तुत निरूपणासाठी घेतला आहे. पृथ्वीच्या पोटातून अनेक ठिकाणी, कोणत्याही मानवी प्रयत्नावाचून, एक ज्वलनशील वायू आपोआप वर येत असतो. काही ठिकाणी तो प्रज्वलित झाला आणि तेथे देवस्थाने उभी राहिली. बहुतेक ठिकाणी मात्र तो कोणाच्याही नजरेस न पडता मातीतून झिरपतो आणि आकाशात मिसळतो. विज्ञान त्याला मिथेन म्हणते. मग ज्योतीपुढे मस्तक टेकविणारा भाविक कोणापुढे मस्तक टेकवितो, वायूपुढे की देवीपुढे, असा प्रश्न आजच्या सुशिक्षित तरुणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाला दटावून गप्प बसविणे योग्य नव्हे. त्याचे उत्तर शोधणे हीसुद्धा एक उपासनाच होय.

सतीची जिव्हा

दक्ष प्रजापतीच्या यज्ञात पतीचा अपमान सहन न होऊन सतीने देहत्याग केला आणि शोकाकुल शिवशंकर तिचे कलेवर खांद्यावर घेऊन त्रैलोक्यात फिरू लागले, ही पुराणकथा सर्वश्रुत आहे. श्रीविष्णूंच्या सुदर्शन चक्राने त्या देहाचे खंड झाले आणि ते जेथे जेथे पडले तेथे तेथे शक्तिपीठे निर्माण झाली. महाराष्ट्रात कोल्हापूरची महालक्ष्मी, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे पीठ मानले जाते. वणीच्या गडाच्या पायऱ्या बांधविण्याचे पुण्यकार्य तळेगावच्या सरसेनापती दाभाडे घराण्यातील उमाबाई यांनी केले. म्हणजे शक्तिपीठांशी या नगरीचे नाते जुने आहे.

त्याच परंपरेतील एक पीठ हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात, शिवालिक डोंगररांगांच्या कुशीत आहे. सतीची जिव्हा तेथे पडली, अशी श्रद्धा आहे. श्री ज्वालामुखी किंवा ज्वालाजी या नावाने ते प्रसिद्ध आहे. या मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. खडकाच्या भेगांतून निघणाऱ्या निळसर ज्योती हेच देवीचे रूप. महाकाली, अन्नपूर्णा, चंडी, हिंगलाज, विंध्यवासिनी, महालक्ष्मी, सरस्वती, अंबिका आणि अंजना अशा नऊ नावांनी त्या पूजिल्या जातात. त्यांत तेल घालावे लागत नाही आणि वातही सारावी लागत नाही. मंदिराच्या शिखरावरील सुवर्णपत्रे ही महाराजा रणजितसिंह यांची सेवा असल्याचे सांगितले जाते.

मंदिराच्या परिसरात ‘गोरख डिब्बी’ नावाचे एक कुंड आहे. त्यातील पाणी खदखदताना दिसते, पण हात लावला तर थंड लागते. गुरू गोरक्षनाथांशी त्याची कथा जोडलेली आहे. ज्या नाथपरंपरेत पुढे गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर महाराज झाले त्याच परंपरेशी हे स्थान जोडलेले असल्यामुळे मराठी भाविकाला तेथे परकेपणा वाटत नाही.

सम्राट अकबराची आख्यायिकाही तेथे आवर्जून सांगितली जाते. देवीचे सत्त्व पाहण्यासाठी त्याने ज्योतींवर पाण्याचा पाट वळविला, तरी त्या विझल्या नाहीत. मग त्याने सोन्याचे छत्र अर्पण केले, पण अहंकाराने दिलेले ते छत्र देवीने स्वीकारले नाही आणि त्याचे सोनेपण नाहीसे झाले. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर घासण्याची नाही. देणाऱ्याच्या मनात ‘मी दिले’ हा भाव असेल तर सोन्याचीही माती होते, हा तिचा बोध दानधर्म करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

आजीबाईंचा प्रश्न

दृष्टांतादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. तळेगावातील एक आजीबाई आपल्या नातवासह ज्वालाजीच्या दर्शनास गेल्या आहेत. नातू चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. भट्ट्या, झडपा, वायुवाहिन्या यांत त्याचा दिवस जातो. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर तो न राहवून म्हणतो, “आजी, रागावू नकोस, पण हा काही चमत्कार नाही गं. जमिनीतून गॅस येतो आणि तो जळतो. आपल्या घरच्या शेगडीत जळतो तसाच.”

आजीबाई रागावत नाहीत. पदराने घाम टिपीत त्या म्हणतात, “ते मला कळतं रे बाळा. पण घरच्या गॅसचं बिल येतं आणि तुझा बाप ते भरतो. इथलं बिल कोण भरतं?”

नातू क्षणभर हसतो, मग गप्प होतो. त्याने जे सांगितले ते खरेच आहे. परंतु आजीबाईंनी जे विचारले तेही तितकेच खरे आहे. नातवाने कार्याचे कारण सांगितले. आजीबाईंनी त्या कार्यामागच्या ऋणाची आठवण करून दिली. ही दोन्ही उत्तरे हातात हात घालून चालली तरच श्रद्धा डोळस होते. म्हणून प्रथम नातवाचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे आणि मग आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळावे.

भूमीच्या उदरातील कारण

मराठीत ‘ज्वालामुखी’ म्हटले की लाव्हा ओकणारा पर्वत डोळ्यांपुढे येतो. कांगड्याच्या ज्वालामुखीत मात्र लाव्हारस नाही. उलट ज्या महाराष्ट्रात अशी एकही नित्य ज्योत दिसत नाही तो महाराष्ट्रच बहुतांशी लाव्हाचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे थरावर थर साचून सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला. तळेगावच्या घरांचे पाये, लोहगड-विसापूरचे तट आणि कार्ल्याची लेणी त्याच पाषाणात आहेत. लाव्हा थंड होऊन बनलेल्या या खडकात वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष नसतात, म्हणून ज्वलनशील वायूही त्यात तयार होत नाही.

शिवालिक डोंगरांचे तसे नाही. हिमालय उंचावत असताना नद्यांनी वाहून आणलेला गाळ, वाळू आणि त्यांत गाडले गेलेले सजीवांचे अवशेष यांचे जाड थर त्या प्रदेशात साचले. पुढे भूमीच्या प्रचंड रेट्याने ते वाकले आणि तडकले. खोलवर गाडलेल्या अवशेषांवर लक्षावधी वर्षे दाब आणि उष्णता यांचा परिणाम होऊन त्यांतून मिथेन तयार होतो आणि खडकांतील भेगांची वाट धरून वर येतो. गोरख डिब्बीतील थंड पाण्याची खदखद ही त्या वायूच्या बुडबुड्यांचीच आहे. तेल व नैसर्गिक वायू आयोगाने १९५७ साली आपली पहिली शोधविहीर खोदण्यासाठी याच ज्वालामुखीचा परिसर निवडला. शतकानुशतके यात्रेकरूंना ओढणाऱ्या ज्योतीने भूशास्त्रज्ञांनाही दिशा दाखविली, असे म्हणता येईल. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदजहाजाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्राच्या तळाखाली तेलसाठा सापडला, तो ‘बॉम्बे हाय’ या नावाने पुढे घरोघरी माहीत झाला.

मिथेन तयार होण्याची दुसरीही एक रीत आहे आणि ती प्रत्येकाच्या दाराशी चालते. जेथे हवा पोहोचत नाही अशा चिखलात, दलदलीत किंवा साचलेल्या पाण्याच्या तळाशी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर सूक्ष्म जीव काम करतात आणि त्यांतून हाच वायू निघतो. इटलीचा शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा याने १७७६ साली एका सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून वर आलेले बुडबुडे गोळा केले आणि तो वायू पेटतो हे दाखवून दिले. पुण्यात तेव्हा सवाई माधवराव पेशवे अजून बाल्यावस्थेत होते. महाराष्ट्राच्या गावोगावी रात्रीच्या अंधारात ओढ्याकाठी, पाणथळीत हलणाऱ्या दिव्यांच्या गोष्टी पूर्वीपासून सांगितल्या जात आणि ‘आग्या वेताळ’ म्हणून लेकरे आजीच्या कुशीत शिरत. त्या कथांचा संबंध अभ्यासक पाणथळीतील याच वायूशी जोडतात. एकच वायू, पण जेथे भय होते तेथे त्याचा वेताळ झाला आणि जेथे भक्ती होती तेथे त्याची देवी झाली. मनुष्य ज्या भावाने पाहतो तसे त्याला दिसते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

जे दिसत नाही ते

ज्योत दिसते म्हणून तिच्यापुढे गर्दी होते. परंतु भूमीतून येणाऱ्या वायूचा फार मोठा भाग पेटत नाही, दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. घरगुती गॅसला येणारा उग्र दर्प हा गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. मूळ मिथेनला रंग नाही, गंध नाही, आणि तो हवेपेक्षा जवळजवळ निम्म्याने हलका असल्यामुळे वर वर जातो. जेथे तो मातीतून फार प्रमाणात झिरपतो तेथे मातीतील प्राणवायू कमी पडतो आणि गवत, झाडोरा खुरटतो. जाणकार भूशास्त्रज्ञ अशा खुणांवरूनही गळतीची जागा ओळखतात.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत समुद्राच्या तळातही असा वायू कोंडलेला आहे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ध्वनिलहरी सोडून तळाचा अभ्यास केला, तेव्हा किनाऱ्यालगतच्या गाळात अनेक ठिकाणी त्या लहरी शोषल्या जाऊन पुढचे काही दिसेनासे झाले. गाळात भरलेल्या वायूची ती खूण होती. मालवण-वेंगुर्ल्याच्या कोळ्याची होडी ज्या पाण्यावरून जाते त्याच्या खाली धरणीमाता अशी संथपणे श्वास घेत असते आणि कोणाला त्याचा पत्ता नसतो.

याहून विस्मयकारक व्यवस्था जमिनीच्या वरच्या वीतभर थरात आहे. मिथेन हेच ज्यांचे अन्न असे सूक्ष्म जीव मातीत राहतात. खालून वर येणाऱ्या वायूचा मोठा वाटा ते वाटेतच खाऊन टाकतात, आणि हवेत असलेला मिथेनही कोरड्या, भुसभुशीत, हवा खेळणाऱ्या मातीत शिरला की त्यांचे भक्ष्य होतो. साऱ्या जगातील माती मिळून दरवर्षी सुमारे तीन कोटी टन मिथेन अशा रीतीने हवेतून काढून घेते, असा अंदाज आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी आपण वैश्वानर अग्नी होऊन प्राणिमात्रांच्या देहात अन्न पचवितो, असे सांगितले आहे. मूठभर मातीतील अदृश्य जिवांच्या ठायीही तो वैश्वानर जागा आहे, हे कळल्यावर भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी तिला नमस्कार करण्याच्या प्रथेचा अर्थ अधिकच खोल होतो.

एक हिशेब येथे समजून घेणे अगत्याचे आहे. न पेटता हवेत गेलेला एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या काळात सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता पृथ्वीभोवती कोंडून धरतो. तोच एक किलो मिथेन पेटला तर त्यापासून पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. म्हणजे पेटल्याने त्याचा भार दहापटीने हलका होतो. ज्वालाजीच्या गाभाऱ्यातील ज्योत सृष्टीवरचा भार आपल्या परीने हलका करीत आली आहे. मनुष्याच्या अंतरातील क्रोध, असूया, महत्त्वाकांक्षा यांचेही असेच आहे. त्या नुसत्या झिरपत राहिल्या तर घरातील हवा तापवितात. सेवेच्या ज्योतीला लागल्या तर त्यांचाच प्रकाश होतो.

विझलेली ज्योत

भारताबाहेरही अशा ज्योतींची स्थाने आहेत. नेपाळातील मुक्तिनाथ क्षेत्री, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, ज्वालामाईच्या मंदिरात वाहत्या पाण्याशेजारी दगडाच्या कपारीत ज्योत तेवते. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील यानार्ताश नावाच्या डोंगरावर दोन हजारांहून अधिक वर्षे खडकांतून ज्वाला निघत आहेत. परंतु मराठी भाविकाने अवश्य ऐकावी अशी कथा आहे ती कास्पियन समुद्राच्या काठची.

अझरबैजान या देशात बाकू शहराजवळ सुराखानी येथे ‘आतेशगाह’ नावाचे अग्निमंदिर आहे. मुलतान, पंजाब, सिंध या भागांतील व्यापारी त्या काळी उंटांच्या तांड्यांबरोबर तेथवर जात. भूमीतून आपोआप निघणारी ज्वाला पाहून त्यांना आपल्या ज्वालाजीची आठवण झाली आणि त्यांनी तेथे मंदिर व भोवती साधूंसाठी खोल्या बांधल्या. त्या भिंतींवर आजही देवनागरी आणि गुरुमुखी लिपीतील शिलालेख आहेत. विक्रम संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५ च्या एका लेखाचा आरंभ श्रीगणेशाला वंदन करून केलेला असून त्यात ज्वालाजीचे नाव आहे. मायदेशापासून हजारो कोस दूर, भाषा परकी, हवा परकी, आणि दगडावर गणेशवंदना. हे वाचताना कोणाही भाविकाचे मन भरून येईल.

परंतु पुढे काय झाले? त्याच भूमीत तेल आणि वायू यांचे प्रचंड साठे असल्याचे जगाला कळले. भोवती विहिरी खोदल्या गेल्या, कारखाने उभे राहिले, वर्षानुवर्षे उपसा होत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील उपासक निघून गेले आणि १९६९ साली भूमीतून येणारी ती नैसर्गिक ज्वाला विझली. आज तेथे संग्रहालय आहे. पाहुण्यांना जी ज्योत दिसते ती नळाने आणलेल्या गॅसवर जळते.

अकबराच्या आख्यायिकेत पाण्याने जे साधले नाही ते सुराखानीत माणसाच्या तहानेने साधले. देवीला विझविण्यासाठी कोणी आले नव्हते. कोणाच्या मनात वैर नव्हते. प्रत्येकाला थोडे अधिक हवे होते, इतकेच. धर्माची हानी नेहमी शत्रूच्या हातूनच होते असे नाही. पुष्कळदा ती गरजवंतांच्या हातून, नकळत, हिशेब न ठेवल्यामुळे होते.

बिल कोण भरते?

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळावे. भारतीय परंपरेने मनुष्याला जन्मतःच ऋणी मानले आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही ऋणे फेडण्यासाठीच आयुष्य आहे, असे शास्त्र सांगते. फुकट मिळालेल्या वस्तूचेही बिल असते, फक्त ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर येते, हाच त्या शिकवणीचा व्यावहारिक अर्थ होय.

हवेतील मिथेन हे असेच एक बिल आहे. इसवी सन १७५० च्या सुमारास हवेच्या दर अब्ज भागांत मिथेनचे सुमारे ७२० ते ७३० भाग होते. आज ते १,९०० च्या वर गेले आहेत, म्हणजे अडीच पटींहून अधिक झाले आहेत. या वाढीचे खापर धरणीमातेवर फोडता येईल का? शास्त्रज्ञ पूर्वी भूगर्भातून आपोआप होणाऱ्या गळतीचा अंदाज वर्षाला चार ते सहा कोटी टन असा करीत. इसवी सन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ग्रीनलंडच्या प्राचीन बर्फात अडकलेल्या हवेचे बुडबुडे तपासून असे दाखविण्यात आले, की यंत्रयुगापूर्वी ही गळती वर्षाला जास्तीत जास्त सुमारे ५४ लाख टन असावी. या दोन आकड्यांविषयी शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे. परंतु कोणताही आकडा धरला तरी माणसाच्या व्यवहारांतून दरवर्षी हवेत जाणारा मिथेन ३५ कोटी टनांहून अधिक आहे. खाणी, तेल-वायूच्या विहिरी, वाहिन्यांतील गळती, भातखाचरे, गुराढोरांचे रवंथ आणि शहरांच्या कचऱ्याचे डोंगर ही त्याची उगमस्थाने. धरणीमाता स्वतःहून जे सोडते त्याच्या कितीतरी पटींनी अधिक माणूस सोडतो, आणि वाढत्या उन्हाच्या, लहरी पावसाच्या रूपाने त्याचे बिल ज्यांनी काही वापरले नाही अशा गरिबांच्या दारीही येते.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. हवेत गेलेल्या मिथेनचा बहुतांश भाग साधारण दहा-बारा वर्षांत, म्हणजे एका तपात, आपोआप नाहीसा होतो. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके रेंगाळतो, मिथेन मात्र लवकर क्षमा करतो. आज हात आखडता घेतला तर त्याचे फळ आजची मुले तरुण होईपर्यंत दिसू शकेल. प्राचीन ऋषींनी व्रताची मोठी मुदत एका तपाची सांगितली. येथेही तेवढीच मुदत पुरेशी आहे.

यात्रेकरूंनी करावयाचे आचरण

हे व्रत कोणत्या मार्गाने आचरावे? यात्रेकरूच्या हाती असलेली पहिली गोष्ट म्हणजे निर्माल्य. देवाच्या चरणी वाहिलेली फुले, दूर्वा, बेलपत्रे पुण्यभावनेने नदीत किंवा तळ्यात सोडली जातात. ती तळाशी बसतात, तेथे हवा पोहोचत नाही आणि कुजताना त्यांतून हाच वायू निघतो. इंद्रायणी तळेगावच्या परिसरातून पुढे देहूला आणि तेथून आळंदीला जाते. येथे सोडलेले निर्माल्य तुकोबारायांच्या आणि माउलींच्या दारी कुजत जावे, हे कोणत्याही वारकऱ्याला रुचणार नाही. तेच निर्माल्य निर्माल्यकुंडात टाकले, अधूनमधून वरखाली केले आणि त्याला हवा लागू दिली, तर त्याचे खत होते आणि देवाच्या फुलांतून पुन्हा देवासाठी फुले उमलतात. प्लास्टिकच्या पिशवीसह निर्माल्य टाकू नये.

दुसरी गोष्ट अन्नाची. पानात टाकलेले अन्न कचऱ्याच्या ढिगाऱ्यात दबले की त्यातूनही मिथेन तयार होतो. महाप्रसादाचे पान स्वच्छ करणे ही आजवर अन्नब्रह्माची सेवा होती, आता ती वायुदेवतेचीही सेवा आहे. उरलेल्या अन्नापासून व शेणापासून गॅस मिळविण्याची विद्याही महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्यातून निघणारा वायू गोळा करून वापरण्याची सोय करण्यात आली होती. ज्याची किळस करावी असे जगाला वाटत होते, आणि ज्यांना जगाने दूर लोटले होते, त्यांच्याच आश्रयस्थानी हा प्रकाश प्रथम उजळला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तिसरी गोष्ट जिवाच्या रक्षणाची. दीर्घकाळ बंद असलेली विहीर, मैल्याची टाकी किंवा शेणाच्या गॅसची टाकी यांत कोणीही एकट्याने व तयारीवाचून उतरू नये. तेथील वायू दिसत नाही, पण प्राण घेतो. आत पडलेल्या माणसाला वाचविण्यासाठी धावलेली माणसेही एकामागून एक दगावल्याच्या वार्ता वारंवार येतात. दिवा सोडून आतील हवा पाहण्याची जुनी पद्धतही सुरक्षित नाही, कारण हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीने स्फोट होतो. घरात गॅसचा वास आल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण दाबू नये आणि देवापुढील निरांजनही तेवढ्यापुरते लावू नये. देव रागावणार नाही.

उपसंहार

तळेगावकरांना बिल भरण्याची एक जुनी रीत ठाऊक आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी जाऊन दरडोई एकेक पैसा मागितला, लोकमान्य टिळकांनी त्या कार्यास पाठबळ दिले आणि त्या ‘पैसा फंडा’तून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. एका पैशाने काय होणार, असे म्हणणारे तेव्हाही असतीलच. परंतु पैशाला पैसा लागला, भट्टी पेटली आणि तिच्या तापात अपारदर्शक वाळूची आरपार दिसणारी काच झाली. श्रद्धेचेही असेच होते. ज्ञानाच्या तापात ती नष्ट होत नाही, पारदर्शक होते. ज्वालाजीची ज्योत मिथेनची आहे हे कळल्यावर देवी लहान होत नाही. सृष्टीने लक्षावधी वर्षे खपून तयार केलेले धन एका भेगेतून थोडे थोडे देणारी ती माता अधिकच मोठी वाटू लागते, आणि तिच्याकडून ओरबाडून घेण्यास हात धजावत नाही.

दृष्टांतातील तो नातू परतीच्या प्रवासात आजीला म्हणतो, “आजी, बिल कोण भरतं ते कळलं. आपणच भरायचं असतं. फक्त कोणी मागायला येत नाही.” आजीबाई त्याच्या हातावर प्रसादाचा खडा ठेवतात आणि खिडकीबाहेर पाहू लागतात.

देवदर्शनास येणाऱ्या प्रत्येक भाविकाने जाताना एक फूल कमी वाहावे, एक घास कमी टाकावा आणि एक गोष्ट अधिक समजून घ्यावी. एवढा एकेक पैसा प्रत्येकाने या फंडात टाकला, तरी एका तपाने येणाऱ्या पिढीला अधिक स्वच्छ आकाशाखाली हात जोडता येतील.

श्रींची कृपादृष्टी सर्वांवर सदैव राहो, सर्वांची श्रद्धा डोळस होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥